एकच जहाज, चार पंगती

दिवाळीला भाच्याकडे न्यूजर्सीला जायचं तर लंडनहून विमानानं आठ तास पुरतात. पण दाजींनी निवृत्त होतानाच जाहीर केलं होतं, या खेपेला बोटीनं जायचं. 'क्वीन मेरी 2', साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क, सात रात्री. ताई-दाजींचा उभा जन्म लीड्समध्ये गेला, त्यामुळे त्यांना हे जहाज ऐकून माहीत. आम्ही कोल्हापूरकर आणि ठाण्याचे दादा-वहिनी, म्हणजे माझा मामेभाऊ आणि त्याची बायको, त्यांच्या आग्रहाखातर सामील झालो.

बुकिंगच्या वेळी ज्यानं त्यानं आपापला खिसा चाचपला. ताई-दाजींनी क्वीन्स ग्रिलचा सूट घेतला, दादानं ब्रिटानिया क्लबची बाल्कनीवाली केबिन, आणि आम्ही दोघांनी बिनखिडकीची आतली खोली. ताईचं भाडं आमच्या चौपटीच्या आसपास गेलं. इथवर ठीक होतं. पण या क्युनार्ड कंपनीच्या बोटींवर केबिन ठरली की तुमचं जेवणघरही ठरतं, हा मुद्दा आमच्यापैकी कुणी नीट वाचलाच नव्हता. ब्रिटानिया, ब्रिटानिया क्लब, प्रिन्सेस ग्रिल आणि क्वीन्स ग्रिल अशा चार पायऱ्या. वरच्या दोन्ही ग्रिल्समध्ये खालच्या पाहुण्याला नेता येत नाही, अगदी सख्खी बहीण असली तरी. एका घरातली सहा माणसं रोज संध्याकाळी तीन दारांनी जेवायला जाणार, असा तो प्रकार.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी ध्यानात ठेवायचं ते एवढंच, की ब्रिटनचा आणि अमेरिकेचा असे दोन्ही व्हिसा आधी हातात हवेत. बोटीवर चढतानाच अमेरिकेचा व्हिसा तपासतात.

शुक्रवार : साउथॅम्प्टन

ताई-दाजींना वेगळ्या रांगेतून आधी आत घेतलं. आम्ही तासाभरानं चढलो. केबिनमध्ये कार्ड पडलेलं होतं, त्यावर टेबलाचा नंबर आणि वेळ. ब्रिटानियात रात्रीच्या दोन पंगती बसतात, सहाची आणि साडेआठची. आम्ही साडेआठची मागितली होती, एजंटानं सहाची टाकून दिली होती. संध्याकाळी सहाला जेवायची सवय आम्हाला नाही, मग तसंच मुख्य वाढप्याला, म्हणजे तिथल्या मेत्र दोतेलला गाठलं. त्या दुपारी तो जेवणघराच्या दाराशी वही घेऊन उभाच असतो. दहा मिनिटांत साडेआठची वेळ आणि आठ जणांचं टेबल मिळालं. तुमच्यावर अशी वेळ आली तर रात्रीची वाट बघू नका, चढल्या चढल्या जा. दोघांचंच टेबल हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवावं. आम्ही मुद्दाम मोठं मागितलं. सात रात्री नवऱ्याचंच तोंड बघत जेवायचं, तर घर काय वाईट होतं!

पाचच्या सुमारास भोंगा झाला. या जहाजाच्या भोंग्यांपैकी एक 1936 च्या मूळ 'क्वीन मेरी'वरचा आहे. कानात नाही, छातीत ऐकू येतो. त्या जुन्या जहाजावर प्रवाशांचे तीन वर्ग होते, प्रत्येकाचं जेवणघर वेगळं आणि डेकही वेगळे. आता डेक सगळ्यांना मोकळे आहेत (ग्रिलवाल्यांची अकराव्या मजल्यावरची गच्ची सोडून), फरक उरलाय तो ताटापाशी.

ब्रिटानिया रेस्टॉरंट पहिल्यांदा बघताना मात्र आपण स्वस्तातल्या वर्गात आहोत असं मनातही येत नाही. दोन डेक व्यापणारं दालन, मधोमध उतरणारा रुंद जिना, वर प्रकाशानं उजळलेलं रंगीत छत, आणि समोरच्या भिंतीवर जहाज, पूल नि न्यूयॉर्क विणलेला प्रचंड पडदा. तेराशेच्या आसपास लोकांची बसायची सोय आहे. एवढ्या लोकांना एकाच वेळी गरम वाढायचं म्हणजे काय, ते ज्यानं घरच्या लग्नात वाढपी म्हणून काम केलंय त्याला विचारा. पहिल्या रात्री मी भाजलेलं बदक घेतलं, यांनी मासा. दोन्ही उत्तम.

टेबलावर यॉर्कशायरचे एक निवृत्त रेल्वे ड्रायव्हर आणि त्यांची पत्नी, एक स्कॉटिश जोडपं, अमेरिकेत शिकायला निघालेला जर्मन मुलगा, आणि ओहायोच्या ऐंशीच्या घरातल्या आजीबाई. आजीबाईंचा कुत्रा बाराव्या डेकवरच्या श्वानघरात होता. विमानाच्या सामानकक्षात त्याला टाकवेना, म्हणून त्या बोटीनं आल्या होत्या. "हा सगळा खर्च त्याच्यासाठी," म्हणाल्या, "मी फक्त सोबतीला आलेय."

शनिवार : पश्चिमेकडे

सकाळी उठलो तर घड्याळ एक तास मागे. पश्चिमेला जाताना सातपैकी पाच रात्री असा एकेक तास फुकट मिळतो. विमानातला जेटलॅग इथे हप्त्याहप्त्यानं फेडला जातो, आणि कळतही नाही. पूर्वेकडे येताना मात्र दिवस तेवीस तासांचे होतात. त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्यानं युरोपातून अमेरिकेकडे जावं, उलट नको.

नाश्त्यानंतर सहाही जण सातव्या डेकवर भेटलो. तिथे जहाजाभोवती सागवानी फळ्यांची सलग वाट आहे, तीन फेऱ्यांत मैलभराहून थोडं जास्तच चालणं होतं. फेऱ्या मारता मारता रात्रीचा अहवाल सादर व्हायचा, हा रिवाज त्या सकाळी पडला आणि शेवटपर्यंत टिकला.

दादाचा अहवाल असा: क्लबची खोली ब्रिटानियाला लागूनच, पण लहान आणि शांत. टेबल तुमचं ठरलेलं, वेळ ठरलेली नाही. साडेसहा ते नऊच्या दरम्यान केव्हाही जा. कार्ड बघितलं तर पदार्थ बहुतेक आमचेच, शिवाय रोज मिळणारे दोन-चार जास्तीचे. "थोडक्यात, स्वयंपाक तुमचा आणि घड्याळ आमचं," दादा म्हणाला.

ताईचा अहवाल लांबला. क्वीन्स ग्रिल सातव्या डेकवर, मागच्या बाजूला. दारातच नावानं हाक. तिघेचौघे सेवेला, त्यात वाइनवाला वेगळा. दाजींनी डोव्हर सोल मागवला, तर वाढप्यानं अख्खा मासा टेबलाशेजारच्या गाड्यावर आणला आणि दोन चमच्यांनी काटा असा अलगद सोडवला, की बाजूच्या टेबलावरचे लोक खाणं थांबवून बघत राहिले. शेवटी क्रेप सुझेत, म्हणजे पातळ गोड धिरडं, तेही समोरच पेटवून. "आणि तुला सांगते, काय हवं ते मागा म्हणतात. कार्डावर नसलं तरी. फक्त आदल्या दिवशी सांगायचं."

"मग सांगितलंस काय?"

"ह्यांनी सांगितलंय," ताई कपाळाला हात लावून म्हणाली, "मटणाचा रस्सा."

दुपारी क्वीन्स रूममध्ये चहा. हा चहा सगळ्या वर्गांना खुला आहे आणि माझ्या मते बोटीवरचा सर्वांत चांगला फुकट कार्यक्रम आहे. साडेतीनला पांढरे हातमोजे घातलेले वाढपी रांगेनं आत येतात, वाद्यवृंद सुरू होतो, काकडीची सँडविचेस, स्कोन, घट्ट साय आणि जॅम फिरायला लागतं. सव्वातीनला जाऊन टेबल धरा. ग्रिलवाल्यांसाठी चहाची वेगळी बैठक आहे, पण ताई रोज खाली आमच्याकडेच यायची.

त्या रात्री पहिली गाला नाइट होती, काळं-पांढरं. पुरुषांनी डिनर जॅकेट घालावं अशी अपेक्षा असते, पण ज्याच्या त्याच्या देशाचा पोशाखही चालतो. यांचा बंदगळा आणि माझी काळी चंद्रकळा, यावर काम भागलं. भाड्यानं सूट घ्यायची गरज नाही. जिन्यावरून उतरताना एका बाईनं थांबवून पदराचा काठ हातात घेऊन बघितला. दुसऱ्या गालासाठी पैठणी राखून ठेवली होती, ती लाल-सोनेरी रात्रीला अगदी चपखल बसली. ज्यांना नटायचा कंटाळा आहे त्यांनी सहानंतर किंग्ज कोर्टचा बुफे किंवा गोल्डन लायन पब गाठावा. पबमधला फिश अँड चिप्स दुपारी खाऊन बघाच, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

रविवार : वारा

पहाटे हँगर आपसात आपटायला लागले तेव्हाच कळलं. दुपारी बाराला कॅप्टन रोज माइकवरून जहाज कुठे आहे, खाली पाणी किती खोल आहे, वारा किती आहे ते सांगतो. त्या दिवशी म्हणाला, फोर्स 9, म्हणजे चांगलाच वादळी. त्याच्या आवाजात काळजीचा लवलेश नव्हता. लिफ्टपाशी कागदी पिशव्या मात्र दिसायला लागल्या होत्या.

345 मीटर लांबीचं हे जहाज मुळात अटलांटिकसाठीच बांधलेलं आहे, 2004 पासून याच पाण्यात आहे. डोलतं, पण घाई न करता. वहिनींनी पर्समधून आलेपाकाचा पुडा काढला आणि आम्ही तो प्रसादासारखा खाल्ला. बोटीवर हिरवं सफरचंद आणि कोरडी बिस्किटंही देतात. माझा कौल आलेपाकाला.

रात्री जेवताना एक गंमत ध्यानात आली. ब्रिटानिया आहे दुसऱ्या-तिसऱ्या डेकवर, जहाजाच्या बऱ्यापैकी मधल्या भागात. जहाज हलतं ते टोकांना आणि उंचावर जास्त, पोटात सगळ्यांत कमी. आमचं सूप वाडग्यात जेमतेम कडेला टेकत होतं. सातव्या डेकवर मागच्या बाजूला दाजींच्या ग्लासातलं पाणी चांगलं हिंदकळत होतं म्हणे. केबिनचंही तेच. तुम्हाला बोट लागत असेल तर उंचावरची महागडी खोली सोडा आणि मधली, खालची घ्या. पैसे वाचवून पोटही शांत राहतं, असे योग आयुष्यात फार येत नाहीत.

त्या रात्री अर्धी टेबलं रिकामी होती. आमच्यापैकी जर्मन मुलगा गायब. आजीबाई मात्र तीन कोर्स जेवल्या, वर चीज मागवलं. वादळात कुत्र्याला भेटायला जाता आलं नाही एवढंच त्यांना लागलं होतं. श्वानघरापाशी कुत्र्यांसाठी एक इंग्लिश दिव्याचा खांब आणि एक अमेरिकन फायर हायड्रंट लावलेला आहे, ज्याची जी सवय असेल ती. आजीबाईंचा कुत्रा दोन वर्षं इंग्लंडात राहून खांबावर आला होता. "न्यूयॉर्कला गेल्यावर त्याचं कसं होणार," ही चिंता टेबलावर पंधरा मिनिटं चालली. असं टेबल विकत घेता येत नाही. क्वीन्स ग्रिलमध्ये ताई-दाजी दोघंच दोघं.

सोमवार : संकष्टी

आमच्या टेबलाचा वाढपी मडगावजवळच्या एका गावचा निघाला. दोन दिवस इंग्रजीत बोलत होता. यांनी मला "मीठ दे गं इकडं" म्हटलं, त्यावर मीठ त्यानंच पुढे केलं आणि हसला. मग कोकणी-मराठीची खिचडी सुरू झाली. त्याचे आजोबाही तारवटी, म्हणजे बोटीवरचे खलाशी. बोट मिळेपर्यंत मुंबईत धोबीतलावला गावाच्या कुडीत राहायचे. गोव्याच्या गावागावांनी खलाशांसाठी मुंबईत या कुडी चालवल्या, प्रत्येक गावाची वेगळी खोली, पेटी ठेवायला जागा आणि संध्याकाळी एकत्र प्रार्थना. आजोबा इंजिनघरात होते, नातू जेवणघरात. नऊ महिने बोटीवर आणि मग घरी. "म्हजी धुव चलपाक लागली," असं सांगून त्यानं फोनवर मुलीचा चालतानाचा व्हिडिओ दाखवला, आणि लगेच फोन खिशात टाकून पुढच्या टेबलाकडे गेला.

त्या दिवशी ताईची संकष्टी. चाळीस वर्षं लीड्समध्ये न चुकवलेला उपास ती अटलांटिकच्या मध्यावर कशाला मोडेल? कालनिर्णयात मुंबईचा चंद्रोदय साडेआठच्या आसपास, म्हणून तिनं बटलरला जेवणाची वेळ नऊ सांगून ठेवली होती. क्वीन्स ग्रिलच्या सूटमध्ये बटलर असतो, प्रिन्सेसमध्ये नसतो. हा बटलर मोठा हुशार, त्यानं वही काढून उपासाला काय चालतं ते लिहून घेतलं. बटाटा चालतो. शेंगदाणा चालतो. कांदा नाही. गहू नाही. जिरं? ताई म्हणाली, आमच्यात चालतं. शेंगदाण्याचं कूट म्हणजे नक्की किती बारीक, ते त्यानं दोन बोटांत चिमूट धरून विचारलं.

संध्याकाळी दाजींनी सहज फोनवर चंद्रोदय बघितला तर सातच्याही आधीचा! आम्हाला आधी चूक वाटली. पण कारण सरळ आहे. शरद ऋतूत पौर्णिमेनंतरचे काही दिवस चंद्र आकाशात उत्तरेकडे सरकत असतो, आणि जितकं उत्तरेला जावं तितका तो लवकर उगवतो. आम्ही मुंबईच्या कितीतरी उत्तरेला होतो. मग एकच धावपळ. जहाज पश्चिमेला चाललेलं, म्हणजे चंद्र मागच्या बाजूला उगवणार. सहाही जण मागच्या उघड्या डेकवर, गार वाऱ्यात, ताईच्या हातात तांब्या म्हणून चहाची किटली. ढगांची एक पट्टी होती, तिच्या वर आला तेव्हा चांगलाच तांबूस दिसला. ताईनं अर्घ्य दिलं, ते वाऱ्यानं दादाच्या पँटवर गेलं.

आणि इथे मला क्वीन्स ग्रिलची खरी किंमत कळली. नऊची वेळ सांगितली होती, ताई सव्वासातला जाऊन बसली, तरी कुणी भुवई उचलली नाही. पंधरा-वीस मिनिटांत तूप-जिऱ्यावर परतलेला बटाटा, वर कूट आणि बाजूला दही, तेही रुपेरी झाकणाखालून. सगळ्यात महागडं तिकीट काढून ताईनं त्या रात्री बटाट्याची भाजी खाल्ली, आणि तेच जेवण तिला आठवड्यातलं सगळ्यात चांगलं वाटलं.

दाजींचा रस्साही त्याच रात्री आला. लॅम्ब, दाट, मसाल्याचा वास उत्तम, असं ते म्हणाले. मग कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी चपटी स्टीलची डबी काढली आणि पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर ठेवली. कांदा-लसूण चटणी. लीड्सहून निघतानाच खिशात होती. वाइनवाल्यानं वाकून वास घेतला आणि विचारलं, यासोबत काय प्यायला द्यावं म्हणता? दाजी म्हणाले, पाणी.

शाकाहारी मंडळींना एक सांगते. बोटीवर चढताच आपल्या खाण्याच्या अटी मुख्य वाढप्याला सांगा. वहिनी शाकाहारी, त्यांना क्लबमध्ये आणि आमच्या शेजारच्या टेबलावरच्या एका जैन जोडप्याला ब्रिटानियात, दुसऱ्या दिवशीचं कार्ड आदल्या रात्रीच दाखवायचे. डाळ-भात-भाजी सांगितली की यायची. त्यासाठी ग्रिल घ्यायची गरज नाही.

मंगळवार आणि बुधवार

हे दोन दिवस एकमेकांत मिसळून गेलेत. न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला धुकं लागलं. तिथे लॅब्राडोरचा थंड प्रवाह गल्फ स्ट्रीमच्या उबदार पाण्याला भेटतो, म्हणून ते व्हायचंच. दर दोन मिनिटांनी भोंगा. टायटॅनिक बुडालं तो भाग याच वाटेवर, आणि त्यातून वाचलेल्या सातशेहून अधिक लोकांना उचलणारं 'कार्पेथिया' हे क्युनार्डचंच जहाज. ग्रंथालयात त्यावरच्या पुस्तकांभोवती अचानक गर्दी झाली. 1840 मध्ये याच कंपनीचं पहिलं जहाज 'ब्रिटानिया' निघालं, तेव्हा एकशे पंधरा प्रवाशांची सोय होती आणि ताज्या दुधासाठी बोटीवर गाय होती. त्या जहाजाचं नाव आमच्या जेवणघराला दिलंय, तेव्हा सर्वांत खालचा वर्ग म्हणून नाक मुरडायचं कारण नाही.

चहाच्या वेळी लेस्टरचं एक गुजराती जोडपं भेटलं, प्रिन्सेस ग्रिलवालं. आमची राहिलेली पायरी अशी भरून निघाली. त्यांचा हिशोब पक्का होता. प्रिन्सेसचा सूट 381 चौरस फूट, क्वीन्सचा 506 पासून पुढे. टेबल ठरलेलं, वेळ आपली, ग्रिलची गच्ची नि चहाची बैठक दोघांना सारखीच. क्वीन्सला बटलर आणि कार्डाबाहेरचं मागायची जास्त मुभा. "जेवणात रुपयाला चार आण्यांचा फरक, भाड्यात आठ आण्यांचा," काका म्हणाले. दाजी तेव्हा स्कोन खाण्यात फार गुंतले होते.

मंगळवारी रात्री सहाही जण एकत्र जेवलो, 'व्हरांडा'त. हे वेगळे पैसे भरायचं स्टेकचं जेवणघर, कोणत्याही वर्गाला खुलं. वेगवेगळ्या वर्गातल्या कुटुंबाला एका टेबलावर बसायचं तर हा मार्ग आहे, नाहीतर बुफे, पब आणि क्वीन्स रूमचा चहा. जागा पहिल्या दिवशीच धरा, शेवटच्या रात्री भरलेल्या असतात. दुपारच्या जेवणाला दर कमी पडतो. खरं सांगायचं तर त्या रात्री पानात काय होतं ते मला नीट आठवत नाही, फक्त दादानं लहानपणी पन्हाळ्यावर हरवल्याची गोष्ट पुन्हा सांगितली आणि ताई हसता हसता रडली.

बिलाबद्दल थोडं. माणशी रोजची सेवा आकारणी खात्यावर आपोआप लागते, ग्रिलवाल्यांना थोडी जास्त. बारच्या प्रत्येक बिलावर 15 टक्के वेगळे. क्वीन्सच्या सूटमध्ये सुरुवातीला बाटल्या ठेवलेल्या असतात, त्या भाड्यातच धरलेल्या. जेवणासोबतची वाइन मात्र तिथेही विकतच. ग्रिल म्हणजे सगळं फुकट, अशी समजूत करून जाणाऱ्यांना शेवटच्या रात्री दाराखालून सरकवलेला कागद जड जातो.

गुरुवार : कोण काय घेईल

शेवटच्या फेऱ्यांमध्ये दादानं थेटच विचारलं, पुन्हा यायचं तर कोण काय घेईल?

ताई म्हणाली, पुन्हा क्वीन्स, पण वर्षगाठीलाच, दोघंच असताना. गोतावळा बरोबर असेल तर नाही. दाजींना डोव्हर सोल आणि बटलर दोन्ही सोडवेना, तरी ते म्हणाले की तुमच्या आजीबाईंच्या टेबलावर एक रात्र बसायला मिळालं असतं तर बरं होतं. ग्रिलवाल्यांना आधी सांगून ब्रिटानियात जेवायला उतरता येतं, हे आम्हाला कळलं ते या शेवटच्या दिवशी. यांना विचाराल तर आतली केबिन आणि मोठं टेबल, वाचलेल्या पैशात आणखी एकदा येऊ.

माझं मत क्लबला. आमचं घोडं अडतं ते साडेआठच्या वेळेवर. नाटक नऊला सुरू होणार, पुढे नाच, आणि तुम्ही अजून गोडाची वाट बघताय. वरच्या वर्गात तुम्ही मुख्यतः वेळ विकत घेता, आणि ती क्लबमध्येच बऱ्याच कमी पैशात मिळते. त्यापुढचे पैसे लाडासाठी आहेत. लाड वाईट नसतात, पण ते लाड आहेत हे माहीत असावं. फक्त क्लबमध्ये मोठी टेबलं कमी, तेव्हा अनोळखी सोबत हवी असेल तर आधी विचारून घ्या. एकट्यानं येणाऱ्याला मी डोळे झाकून ब्रिटानिया सांगेन.

रात्री मडगावच्या वाढप्याला वेगळी टीप पाकिटातून दिली. आजीबाईंनी टेबलावरच्या प्रत्येकाचा पत्ता लिहून घेतला.

शुक्रवार : ब्रुकलिन

पहाटे साडेचारला उठा. आळस करू नका, पुलासाठी आख्खा प्रवास केलाय. न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाशी असलेल्या व्हेराझानो पुलाखालून जहाज जातं तेव्हा धुराडं आणि पूल यांत भरतीनुसार तीन-चार मीटरचंच अंतर उरतं. धुराड्याची उंची या पुलाचा हिशोब करूनच ठेवलीय. खालून बघताना मात्र आता लागलंच असं वाटतं आणि सगळा डेक एकदम "ओ" करतो. मग डाव्या हाताला स्वातंत्र्यदेवता, समोर मॅनहॅटनचे दिवे. कोट, टोपी, मफलर घेऊनच वर या.

उतरताना एक मजा झाली. जे स्वतःच्या बॅगा स्वतः उचलून नेतील त्यांना सगळ्यांत आधी सोडतात. आमच्या आतल्या केबिनीत दोनच लहान बॅगा मावल्या होत्या, त्यामुळे आम्ही पहिल्या लोंढ्यात. ग्रिलवाले आपल्या लाउंजमध्ये कॉफी पीत बसले आणि त्यांचं सामान हमालांकडे. इमिग्रेशनची रांग सगळ्यांना एकच होती. बोटांचे ठसे, दोन प्रश्न, शिक्का, आणि आठच्या आत आम्ही रस्त्यावर. भाचा गाडी घेऊन उभा होता, तिथे थांबायला मनाई, म्हणून तो टर्मिनलला गोल गोल चकरा मारत होता. दादा-वहिनी अर्ध्या तासानं आले. ताई-दाजी आणि त्यांच्या सात बॅगा यायला नऊ वाजून गेले. सात बॅगा आणि सहा माणसं त्या गाडीत मावणं शक्य नव्हतं, तेव्हा दुसरी टॅक्सी बोलावली आणि त्यात कोण बसणार यावरून दाजी आणि दादात फुटपाथवरच वाद सुरू झाला.